25 किलो तांदूळ, 35 डॉलर

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात आमचा तांदळाचा गाळा आहे. वडिलांपासूनचा. इंद्रायणी, कोलम, आंबेमोहोर. तुकडा किती, जुना का नवा, हे मुठीत घेऊन सांगण्यात माझी 26 वर्षं गेली. हे आधी सांगतोय कारण कंबोडियात एका तळ्याच्या मधोमध मला 25 किलो तांदूळ 35 डॉलरला विकला गेला आणि मी तो मुकाट घेतला.

मार्च 2024 मधली गोष्ट. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये लोक वर्षाचं धान्य भरतात, त्याच्या आत पंधरा-सोळा दिवस मोकळे होते. भाच्याने बेत आखला. पाठीवर सॅक, आठ-दहा डॉलरच्या डॉर्ममध्ये मुक्काम, मला कायम वरचा पलंग. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरातून बसने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह, तिथून सिएम रीप. सहलीबद्दल तक्रार नाही, गुडघ्यांची आहे. तिथल्या अंगकोरच्या जुन्या मंदिरांचा तीन दिवसांचा पास 62 डॉलरचा; तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतात. म्हणून मधला एक दिवस पायांना सुट्टी दिली आणि टोनले साप तळ्यावरचं तरंगतं गाव बघायला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे राहणाऱ्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही.

तळ्याची ओढ मलाच जास्त होती. नॉम पेन्हला राजवाड्यासमोर टोनले साप नदी मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी या नदीत शिरतं आणि नदी उलटी वाहायला लागते, समुद्राकडे जायचं सोडून तळ्याकडे. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटरचं तळं पावसाळ्याअखेर पंधरा हजारांच्या घरात जातं. पाणी बुडालेल्या जंगलात शिरतं, तिथे मासे वाढतात, मग नोव्हेंबरच्या सुमाराला नदी पुन्हा सुलटी होते आणि देशभर जलोत्सव होतो. शेतीच्या पाण्यावर ज्याचं पोट आहे त्याला हे ऐकून अंगावर काटा येणारच.

फक्त आम्ही गेलो मार्चमध्ये. धक्क्यावर माणशी 20 डॉलरचं तिकीट फाडलं, टुकटुकचे 15 वेगळे. तिकीट खिडकीवर लावलेला फोटो भरल्या तळ्याचा: हिरवं जंगल, निळं पाणी, घरांच्या उंबऱ्याला लागलेल्या होड्या. प्रत्यक्षात चहात बिस्कीट विरघळावं त्या रंगाचा एक कालवा. बोटीचा पंखा दोनदा गाळात रुतला, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या एका पोराने बांबू टेकवून आम्हाला ढकललं. तिकीट खिडकीवर बसलेल्याने "आज पाणी कमी आहे" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी गिऱ्हाइकाला जुना तांदूळ नवा म्हणून देत नाही.

पहिला थांबा मगरींचा. एका तरंगत्या दुकानाच्या मधोमध हौद, त्यात एकीवर एक रचल्यासारख्या मगरी, वर कोल्ड्रिंकचा फ्रीज. तेवढ्यात एक लहान मुलगी प्लॅस्टिकच्या घमेल्यात बसून वल्हवत आली, गळ्यात साप. फोटोचा एक डॉलर. भाच्याने काढला नाही, मीही नाही, पण नजर कुठे ठेवावी ते कळेना.

मग बोटवाला म्हणाला, इथे अनाथ मुलांची शाळा आहे, मुलांना वह्या-पेन्सिली नकोत, तांदूळ हवा. आणि बोट थेट तांदळाच्या दुकानाला लागली. 50 किलो 65 डॉलर, 25 किलो 35. मी सवयीने मूठ भरून पाहिली. लांब दाणा, पण तुकडा भरपूर, वास नाही. ज्या देशाच्या 'फका रुमदुओल' या सुवासिक जातीने 2012 पासून जगातला सर्वोत्तम तांदूळ हा मान एकाहून अधिक वेळा मिळवलाय, त्या देशात हा माल मी तरी फोडणीच्या भातालाच दिला असता. किलोला आपले 116 रुपये पडत होते. मी भाव करायला तोंड उघडलं, तर भाचा मराठीतून म्हणाला, "मामा, तू इथे पण भाव करणार का?"

गप्प बसलो. हीच ती जागा जिथे त्यांचा धंदा चालतो, हे दुकानदार असून मला कळलं नाही. मी वीसची नोट आणि तीन पाचच्या दिल्या. दुकानातल्या बाईंनी वीसची नोट उजेडात धरली, कडेला नखाएवढी फाटलेली होती, आणि परत केली. कंबोडियात फाटकी डॉलरची नोट कुणी घेत नाही, हे खरं आहे, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. पण दानासाठी दिलेली नोटही पारखून घेतली जाते म्हटल्यावर मला जरा बरंच वाटलं. चला, निदान इथे व्यापार तरी चोख आहे.

शाळा म्हणजे लांबट तरंगती खोली. आम्ही पोचलो तशी मुलं उठून गाणं म्हणायला लागली. भाचा हेलावला. मी मुलं मोजली, 31. दुपारच्या भाताला माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ धरा, पोरं वाढीची आहेत. म्हणजे दिवसाला पाच किलोही नाही. माझं एक पोतं त्यांना पाच दिवस पुरायला हवं. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो, तेवढ्यात आणखी दोन बोटींतून पोती उतरली. बोटीमागे एकच पोतं धरलं तरी, आमच्यासकट या वेगाने सहा तास गेले तर संध्याकाळपर्यंत नऊ महिन्यांचं धान्य जमा व्हावं. ओसरीत थप्पी होती सहा पोत्यांची. चुलीवरचं पातेलं आमच्या घरातल्या मोठ्या कुकरपेक्षा थोडंच मोठं.

मग मी त्या थप्पीजवळ गेलो. पोतं उचलताना हाताला धरायला वरच्या दोन कोपऱ्यांना जी टोकं येतात, त्यांना आम्ही कान म्हणतो. गिरणीतून आलेल्या कोऱ्या पोत्याचे कान पांढरे, कडक असतात. हमालाच्या हातून दहा-वीस वेळा गेलं की हाताच्या घामाने काळपट होतात, प्लॅस्टिकची वीण मऊ पडते, चकाकी येते. या सहाही पोत्यांचे कान काळे कुळकुळीत होते. एकाची तर वीण सुटून धागे लोंबत होते. शिवण मात्र जशीच्या तशी, एकही उसवलेली नाही. इतक्या वेळा उचललेलं आणि एकदाही न उघडलेलं पोतं मी मार्केट यार्डात पाहिलेलं नाही.

ते पोतं तिथून पुन्हा दुकानात जातं असं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणून तसं लिहीत नाही. मी कान पाहिले. बोटवाल्याला विचारलं, रोज किती शिजतं? तोवर बरं इंग्रजी बोलणारा तो म्हणाला, इंग्लिश थोडं थोडं. परतीच्या वाटेत मात्र "माझ्यासाठी आणि मुलासाठी टिप" हे त्याने अगदी स्वच्छ सांगितलं. त्या बांबूवाल्या पोराच्या हातात भाच्याने पाच हजार रिएल, म्हणजे तिथलं चलन, ठेवले. त्या दिवशी आम्ही दिलेला तेवढाच पैसा कुठे गेला ते आम्हाला दिसलं. दोन तासांची म्हणून सांगितलेली फेरी एक तास दहा मिनिटांत आटोपली.

धक्क्यावर आणखी एक. जाताना कुणीतरी आमचा फोटो टिपला होता, परत येईपर्यंत तो एका ताटलीवर छापून तयार. पाच डॉलर. मी नको म्हणालो, भाच्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच सायकल घेऊन प्सार ल्यूला गेलो, सिएम रीपचा मोठा बाजार. टोपल्यांत तांदळाच्या राशी, प्रत्येक राशीत खोचलेल्या पुठ्ठ्यावर रिएलमध्ये भाव. कालच्यासारखा माल 2800 रिएल किलो, म्हणजे 70 सेंट. बरोबर निम्मा. दुप्पट भावाचा मला राग नाही, विमानतळावर चहाला आपण दहापट देतो. पोरांना रांगेत उभं करून पोतं विकण्याचा आहे. हॉस्टेलच्या जिन्यात 'चाइल्डसेफ' या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या चळवळीचं पत्रक लावलेलं होतं: मुलं ही पर्यटकांनी बघायची गोष्ट नाही. 2011 पासून कंबोडियात ही मोहीम आहे. आदल्या रात्री त्याच जिन्यातून मी चारदा वर-खाली केलं होतं.

तळ्यावर जाऊच नका असं म्हणणार नाही. गेलात तर सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जा, पाणी असेल तेव्हा, आणि बोटीत बसण्याआधीच सांगा की दुकान नको, शाळा नको. या गावांत व्हिएतनामी वंशाची बरीच कुटुंबं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून कित्येकांकडे नागरिकत्वाची कागदपत्रं नाहीत, म्हणून जमीन घेता येत नाही, म्हणून पाण्यावर. हे मला परत आल्यावर वाचून कळलं. चाळीस डॉलरच्या तिकिटांत हे सांगणारा एक माणूस बोटीत बसवायला हरकत नव्हती.

आणि मार्चमध्येच जाणार असाल तर सरळ अंगकोरमधल्या बायॉनच्या मंदिरात जा, पास तर काढलेलाच असतो. ख्मेर राजा सातव्या जयवर्मनच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या अखेरीचं काम. बाहेरच्या ओवरीत ख्मेर, म्हणजे इथले, आणि शेजारच्या चंपा राज्यातले चाम यांची नौकांवरची लढाई कोरलीय. वल्ह्यांच्या खाली मासेच मासे, पाण्यात पडलेल्या सैनिकाला मगर धरतेय, तिथून जवळच कोंबड्यांची झुंज लागलीय. भरलेलं तळं आम्हाला तिथे बघायला मिळालं. सकाळी लवकर गेलो तर ओवरीत आम्ही दोघंच.

तळ्यावरच्या फेरीला पाचपैकी एक तारा. तोही बांबूवाल्या पोरासाठी.

ताटली आता गाळ्यावर आहे. नमुन्याचा तांदूळ दाखवायला बरी पडते. मूठभर कोलम ओतला की मी आणि भाचा झाकले जातो.