जपान–जागतिक बँक शिष्यवृत्ती: जळगावच्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेतून

जपान सरकारच्या निधीतून 1987 पासून चालणारी ही शिष्यवृत्ती विकसनशील देशांतील नोकरदारांना अर्थशास्त्रासारख्या विषयांत परदेशी पदव्युत्तर शिक्षणाची संधी देते, आणि तालुक्याच्या कचेरीत आकडे जुळवणाऱ्या माझ्यासारख्याला ती खरोखर आपल्यासाठीच आहे असे वाटते. पदवी मिळून किमान 3 वर्षे झालेली असावीत आणि गेल्या 6 वर्षांत 3 वर्षांचा पगारी, पूर्णवेळ, विकासाशी संबंधित अनुभव असावा, ही अट मला तरी न्याय्य वाटली. शिक्षणशुल्क, विमान भाडे, वैद्यकीय विमा आणि मासिक निर्वाहभत्ता मिळतो. कुटुंबाचा खर्च आणि व्हिसाचे शुल्क मात्र मिळत नाही. बायको-मुले जळगावलाच ठेवावी लागणार, हे आधीच घरी सांगितलेले बरे.

खरी अडचण क्रमाची आहे. शिष्यवृत्ती मागण्यापूर्वी यादीतील एखाद्या अभ्यासक्रमाचा प्रवेश हाती हवा, म्हणजे विद्यापीठाचे अर्जशुल्क आपल्याच खिशातून. मे महिन्याच्या उन्हात पंखा गरम हवा फेकत असताना मी गुणपत्रिका स्कॅन करत बसलो होतो आणि शिफारसपत्रासाठी आमच्या साहेबांच्या दाराशी तीन आठवडे घिरट्या घातल्या. शेवटी मजकूर मीच लिहून दिला, त्यांनी चहा पीत वाचला आणि पाठवला.

शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याची अपेक्षा असते, तेव्हा तिकडेच स्थायिक व्हायचे असेल त्याने अर्ज करू नये. माझी निवड झाली नाही, तरी पुढच्या फेरीत पुन्हा भरणार आहे. यंदा शिफारसपत्र दिवाळीपूर्वीच मागून ठेवले आहे.