नकली मालाविरुद्ध: पोलीस फिर्याद की दिवाणी दावा?

तुमच्या मसाल्याची नक्कल बाजारात आली असेल, तर आधी ते पाकीट हातात घेऊन नीट बघा. नाव, रंग, चित्र, अगदी तुमचा पत्ताही जसाच्या तसा छापला असेल तर पोलिसांत जा. नाव नुसतं मिळतंजुळतं असेल आणि समोरचा स्वतःच्या पत्त्यावर उघड धंदा करत असेल, तर दिवाणी दावाच बरा. असा वाद पोलीस सहसा अंगावर घेत नाहीत.

व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायदा, १९९९ च्या कलम १०३ व १०४ खाली नकली चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं यांना ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात. अडचण येते ती छाप्याची: झडती-जप्तीला उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. ते येईपर्यंत गोदाम रिकामं झालेलं असतं.

म्हणून पाकिटावरच्या चित्राचा कॉपीराइट फार मोलाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ नुसार उपनिरीक्षकही वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो, रजिस्ट्रारचं मत लागत नाही. कॉपीराइटभंगाचा, म्हणजे कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मात्र बाहेरच्या डिझायनरचं बिल भरलं म्हणजे चित्राचा हक्क तुमच्याकडे आला असं होत नाही. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्या आणि त्यात मुदत लिहा. नाहीतर ती ५ वर्षंच धरली जाते. हा कागद नसल्याने चांगली प्रकरणं अडतात, याचं फार वाईट वाटतं.

पैशाचं म्हणाल, तर फौजदारीतला दंड सरकारजमा होतो. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी दावा लावा. वकिलाचा खर्च अंगावर येतो, पण नोंदणीकृत चिन्ह असेल तर नकली माल परराज्यात बनत असला तरी आपल्या धंद्याच्या जिल्ह्यात दावा लावता येतो. तातडीचा मनाई हुकूम मागता येतो. मुंबई उच्च न्यायालय कोर्ट रिसीव्हर (माल ताब्यात घेणारा कोर्टाचा अधिकारी) नेमून माल ताब्यात घेतं. तडजोडही इथेच सोपी. फौजदारीत आपसांत मिटलं तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

दोन्ही वाटा एकाच वेळी धरायला कायद्याची आडकाठी नाही. कुठेही जा, त्याआधी नकली पाकीट पक्क्या बिलावर विकत घ्या आणि न फोडता जपून ठेवा.