पुरासाठी घेतलेलं जेट आउटबोर्ड: पावसाळा ते उन्हाळा वापरून

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. बुडालेल्या उसातून, ओढ्यातून, रस्त्यावर चढलेल्या कमरेएवढ्या पाण्यातून बोट न्यायची असेल तर जेट आउटबोर्ड घ्या, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं असं इंजिन, ज्याला खाली पंख्याऐवजी पाणी ओढून जोरात मागे फेकणारा पंप असतो. नुसतं पात्र ओलांडायचं असेल तर साधं पंख्याचं आउटबोर्ड स्वस्तात पडतं आणि पेट्रोलही कमी पितं. पण कोणतंही घेतलं तरी पुराचं इंजिन वर्षातले बरेच महिने शेडमध्ये पडून असतं, आणि पाणी चढलेल्या रात्री नेमकं सुरू होत नाही. मला लिहायचंय ते त्याबद्दल. वेग आणि दिसणं यावर बाकीचे लिहितातच.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. पाऊस जोराचा झाला की जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर असे सखल पूल-बंधारे पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर मळ्यातल्या वस्त्यांसाठी आपली बोट असावी असं मंडळात ठरलं. वर्गणीतून सपाट बुडाची अल्युमिनियमची बोट आणि ४० अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. खाली पंख्याच्या जागी जेट पंप. या पंपापायी साधारण ३० टक्के ताकद जाते, म्हणजे हाती २८ च्या आसपास उरते. विकणारा हे आपणहून सांगत नाही. बदल्यात बाहेर फिरणारं पातं नसतं. तारेचं कुंपण, बांधावरचे दगड आणि मुख्य म्हणजे पाण्यात उतरलेली माणसं, या तिन्हींसाठी तो सौदा मला परवडला.

आता सुरू होण्याचं. पहिल्यांदा दोरी ओढायला इतकी जड लागली की पिस्टन जाम झाला असंच सगळ्यांना वाटलं. निपाणीतला मोटरसायकलचा जुना मेस्त्री आला आणि म्हणाला, "दोन्ही प्लग काढा आणि दोरी वडा बघू. तरी बी जड लागतंय न्हवं? मग इंजिन उघडायच्या आधी खाली बघा." खाली इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या, दांड्याला ठिबकची नळी गुंडाळलेली होती आणि तिच्यात उसाचं पाचट गच्च बसलेलं. या जेटला खरा न्यूट्रल नसतोच. लिव्हरने फक्त पाण्याची धार वळवणारी झडप हलते. इंपेलर इंजिनाच्या दांड्यालाच जोडलेला असतो आणि इंजिनासोबत कायम फिरतो. त्यामुळे पंपात जे अडकेल त्याचं वजन थेट तुमच्या हाताला लागतं. प्लग काढल्यावर दोरी हलकी झाली तर पंप मोकळा आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. पंपात हात घालण्याआधी प्लगच्या वायरी काढून बॉडीला अर्थिंग करा आणि किल-स्विचची लाल क्लिपही काढून ठेवा, ती नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. दिवसाउजेडी करायचं काम आहे हे.

आमच्या भागात पंप तुंबायला कारणं भरपूर. पंचगंगेतली जलपर्णी पहिल्या मोठ्या पाण्याला सुटते आणि नृसिंहवाडीच्या संगमावरून कृष्णेत येते. कल्लोळच्या बाजूला गेलात की तिचे तराफे भेटतात. वाळूत बोट टेकवून इंजिन चालू ठेवलं तर बारीक खडी आत ओढली जाते आणि इंपेलर व भोवतालच्या लायनरमध्ये अडकते. तिथली फट जेमतेम ०.८ मिलिमीटरची, त्यामुळे एक खडाही पुरतो. सुरू करताना बोटीखाली गुडघाभर पाणी असू द्या. वेग आल्यावर ती उथळातूनही जाते. फट झिजून वाढली की इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट ढकलत नाही. मग शिम (पातळ चकत्या) हलवून इंपेलर परत जवळ आणावा लागतो.

दोरी हलकी, तरी इंजिन घेत नाही, हा प्रकार जास्त वेळा येतो आणि त्याचं मूळ जवळजवळ नेहमी पेट्रोलमध्ये असतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. पेट्रोलच्या होजवरचा रबरी फुगा बाण इंजिनाकडे करून, तोंड वर धरून दाबा. तो कडक व्हायलाच हवा. कडक होत नसेल तर बहुतेक वेळा कुठेतरी हवा ओढली जातेय, आणि आमच्याकडे ती टाकीच्या कनेक्टरमधल्या रुपया-दोन रुपयांच्या रिंगमधून ओढली जात होती. फुगा दाबताना कार्बोरेटरमधून पेट्रोल सांडत असेल तर आत येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकलेली आहे. चालताना फुगा चपटा होत असेल तर हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे. एवढ्यावरून निम्मी दुखणी अंधारातही कळतात.

आणि इथेनॉल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही बनतं आपल्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतून, म्हणून त्याला नावं ठेवायची तर जिभेला जरा जड जातं. पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने ठेवली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर बसतो, आणि इंजिन नेमका तोच थर आधी पितं. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात. आमच्या टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं तेव्हा तळाशी रेघ स्पष्ट दिसली. आता नियम असा केलाय: पूर ओसरला की टाकी रिकामी, उरलेलं पेट्रोल मोटरसायकलींना, आणि फुग्यापासची होज काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं. अर्थात फ्लशिंगच्या तोंडाला पाण्याचा पाइप लावूनच. पाण्याविना चालवलं तर थंड करणाऱ्या पंपाचं रबर बघता बघता जळतं. पंख्याच्या इंजिनासारखं ड्रममध्ये बुडवून जेट चालवायला जाऊ नका, सगळा ड्रम तुमच्या अंगावर येतो.

चोक ओढल्यावर सुरू होतं आणि चोक सोडला की मरतं, असं असेल तर कार्बोरेटरमधल्या पायलट जेटचं (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, पंपाचा याच्याशी संबंध नाही) बारीक भोक तुंबलंय. स्प्रे आणि हवा मारा. तार किंवा टाचणी घालून भोक मोठं करणारे हुशार लोक प्रत्येक गावात असतात, त्यांना लांब ठेवा. प्लग ओले निघाले तर चोक सोडलेला, थ्रॉटल पूर्ण उघडं, आणि दोरी ओढत राहायचं. प्लग सुका निघाला तर पेट्रोलच पोचत नाहीये.

ठिणगीचा त्रास आम्हाला फारसा झाला नाही. एकदा सगळं तपासून झाल्यावर कळलं की किल-स्विचची क्लिप एका पोराच्या खिशात होती. आता जादा क्लिप टाकीलाच बांधलीय. सेल्फ-स्टार्टवाल्यांनी मात्र बॅटरी बघावी: पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. जात असेल तर आधी टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासा, मग नव्या बॅटरीचे पैसे काढा.

तेलाबाबत एवढंच. पेट्रोलात मिसळायचं प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, २० लिटरच्या टाकीला ४०० मिली. बाइकचं टूटी (टू-स्ट्रोकचं) तेल चालत नाही, बोटीचं टीसी-डब्ल्यू३ लागतं, नाहीतर प्लगवर आणि पिस्टनवर राख धरते. कोकणातल्या कुणीतरी रॉकेल मिसळायचा सल्ला दिला होता. तिकडे रॉकेलवर चालणारी इंजिनं वेगळी बनवलेली असतात, पेट्रोलच्या इंजिनात तो उद्योग नको. ग्रीसचं काम सगळ्यांच्या विस्मरणात जातं: जेटच्या बेअरिंगला दर दहा तासांनी, आणि खरं तर रोजचं काम संपल्यावर, नळीतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं. ग्रीसबरोबर पाणी आलं तर सील गेलंय.

सर्व्हिसचं दुःख वेगळं. बेळगावात पाण्याच्या मोटरी भरणारे गल्लोगल्ली, पण आउटबोर्ड उघडणारा हात आम्हाला कुठेच मिळाला नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला शेवटी इंजिन उतरवून संकेश्वर-आजरा-आंबोलीमार्गे मालवणला न्यावं लागलं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं भरलं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, जास्त असेल तर रिंगा बघाव्या लागतात. जुनं इंजिन घेताना हेच आधी तपासायला सांगा, रंगाला भुलू नका.

एक तक्रार अजून तशीच आहे. भर उन्हात तासभर चालवून बंद केलं की पंधरा-वीस मिनिटांनी परत सुरू व्हायला कुरकुरतं. इंजिनावरचं टोपण काढून वारं लागू दिलं, फुगा दाबला आणि चोकला हात नाही लावला, की घेतं. मालवणचा मेस्त्री म्हणतो होज इंजिनाच्या गरम बाजूने गेलीय, म्हणून पेट्रोलची वाफ होते. मृगाच्या आधी होज फिरवून घ्यायची आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायचा, त्यासाठी वर्गणीची वही परत काढलीय.