पाण्यात बुडलं म्हणून विश्वास ठेवला

अमळनेरला आमच्या घरी अगरबत्तीचं लहानसं काम आहे. कच्च्या काड्या आणून वास लावायचा, पाकिटं भरून आठवडी बाजारात द्यायची. आमच्या मोगऱ्याच्या वासाला अ‍ॅसिटोफेनोन हे सुगंधी रसायन लागतं. गोड, थोडं बदामाकडे झुकणारं, संत्र्याच्या फुलासारखं. थोडंच घालायचं, पण त्याच्याशिवाय मोगरा उठत नाही.

दिवाळीआधी एक फिरता व्यापारी आला. अ‍ॅसिटोफेनोनचा पाच किलोचा कॅन, अडीच हजार, नेहमीच्या भावापेक्षा बराच स्वस्त. "भाऊ, भेसळ असती तर तरंगलं असतं," म्हणत त्याने पाण्याच्या ग्लासात चार थेंब सोडले. थेंब मोत्यासारखे तळाशी जाऊन बसले. मी रोख पैसे मोजले. पक्कं बिल मागितलं नाही, बॅच नंबर पाहिला नाही.

दिवाळीत दुकानदारांनी माल परत केला, वास फिका म्हणून. बायकोने बचत गटातून उचललेले पैसे त्यात अडकले होते. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

डिसेंबरात थंडी पडली तेव्हा खरं कळलं. शुद्ध अ‍ॅसिटोफेनोन साधारण 20 अंशांखाली गोठतं. आमची जुनी अर्धी बाटली सकाळी तुपासारखी थिजलेली, आणि शेजारचा कॅन डुचमळत होता. कधी कधी चोख मालही थंडीत पातळच राहतो, म्हणून जुन्या बाटलीतला एक खडा त्यात टाकला. चोख असतं तर त्या खड्याभोवती गोठायला लागलं असतं. इथे खडाच विरघळला. मग सराफाच्या काट्यावर 100 मिली तोललं. 103 ग्रॅमच्या आसपास यायला हवं होतं, भरलं 107.

आत डीईपी होतं, डायइथाइल थॅलेट. आम्ही वास पातळ करायला वापरतो तेच, स्वस्त, जवळपास बिनवासाचं. तेही पाण्यापेक्षा जड, अ‍ॅसिटोफेनोनहूनही जड, म्हणून ग्लासात बुडणारच. पाण्याच्या परीक्षेत रॉकेल पकडलं जाईल, डीईपी नाही. आणखी एक करून पाहा: कागदावर थेंब टाका. अ‍ॅसिटोफेनोन उडून जातं; डीईपीचा तेलकट डाग कितीतरी दिवस राहतो.

व्यापाऱ्याचा फोन बंद आहे. आता नवा माल आला की आधी पावशेर बाटलीत काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो, पैसे दुसऱ्या दिवशी.