सौर पंप की वायरची लाईट?

पैशांवरून ठरवायला बसलात तर गोंधळच होईल. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाच्या किमतीतला आपला वाटा 10 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 5). इकडे वायरच्या जोडणीवर साडेसात एचपीपर्यंतचं बिल बळीराजा योजनेत मार्च 2029 पर्यंत माफ. त्यामुळे मी बिलं बाजूला ठेवून पाण्याकडे बघितलं.

आमचा बांध एकच. चुलतभावाकडे वायरची लाईट, माझ्या बोअरवर पाच एचपीचा सौर. त्याची मोटर उठली की धार शेवटपर्यंत एकसारखी. माझी सकाळी आठला करंगळीएवढी, अकराला पाइप भरून, चारनंतर पुन्हा ढिली. उसाला एका दमात पाणी फिरवायचं तर त्याचंच बरं. आणि आषाढात ढग दाटतात, पाऊस पडत नाही, सोयाबीन माना टाकतं, तेव्हा माझी मोटर नुसती कण्हते. त्या दिवसांत मी त्याच्याकडूनच पाणी घेतो, लपवायचं कशाला?

रात्रपाळीचं, बिबट्याचं सगळेच सांगतात. खरंच आहे ते. पण रात्री पाण्याची दारं धरायची निदान सवय तरी झाली होती. मला नकोशी झाली ती डीपी, म्हणजे सगळ्यांच्या मोटारींचा सामाईक ट्रान्सफॉर्मर.

वाटण्या झाल्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. गहू चिकात आणि डीपी जळाली. तिच्यावर चौदा मोटारी, निम्म्यांना आपोआप सुरू करणारे ऑटो बसवलेले. लाईट आली की सगळ्या एकदम उठणार, मग डीपी किती सोसणार? पुढे वर्गणी, डीपी न्यायला ट्रॅक्टर कोणाचा, पैसे कोणी दिले नाहीत यावरून भांडणं. अकरा दिवस गेले. दाणा बारीक पडला तो पडलाच. आमच्या मोटारीला ऑटो नव्हता, तरी गहू आमचाही गेला. वाटणीनंतर माझ्या वाट्याला जोडणी आली नाही, तेव्हा मी नव्या डीपीच्या मागे लागलोच नाही.

तुमच्या फीडरवर, म्हणजे गावाकडे येणाऱ्या विजेच्या लाईनवर, सौर कृषी वाहिनी योजनेतली सौर प्रकल्पाची दिवसाची लाईट आली असेल तर घाई करू नका, असं मी म्हणेन. रात्रीचा प्रश्न तिथं मिटतो. डीपी मात्र तीच राहते. बोअर फार खोल असेल तर किती खोलीवर किती पाणी येतं, तो तक्ता आधी मागून बघा.

परवा चुलतभाऊ सहज विचारत होता, पॅनेल पुसायला किती वेळ लागतो म्हणून. म्हटलं, पंधरा मिनिटं. सकाळी, तापायच्या आत.