जनसंपर्काच्या विद्यार्थिनीने वापरलेले मोफत न्यूज अलर्ट : काही महिन्यांनंतरचा अनुभव

न्यूज अलर्टची ओळख बहुतेकांना असेल. एखादा शब्द देऊन ठेवायचा. तो शब्द असलेलं नवं पान वेबवर आलं की त्याची लिंक ईमेलने येते. अशा काही मोफत सेवा आहेत आणि त्यांचा गाभा सारखाच आहे, म्हणून कोणा एकीचं नाव न घेता एकूण अनुभव लिहिते आहे. मी जनसंपर्क शिकते आणि त्याच जोडीने ऐच्छिक रक्तदात्यांच्या एका गटासाठी मीडिया मॉनिटरिंग करते. म्हणजे रक्तदानाबद्दल कुठे, कोणी, काय लिहिलं ते रोज पाहायचं आणि गटाला कळवायचं. पैसे मोजून घ्यायची मोठी साधनं अशा गटाला परवडत नाहीत, त्यामुळे काही महिने मी जवळजवळ पूर्णपणे या अलर्टवरच काढले.

आधी मत सांगते. आपल्या विषयावर कोण लिहितं, कसं लिहितं हे कळायला आणि रोज वाचायची सवय लागायला याच्याइतकं चांगलं फुकट साधन मला दुसरं मिळालेलं नाही. पण आलेल्या लिंक मोजून तो आकडा कामाचं यश म्हणून दाखवायचा असेल, तर हे वापरू नये असंच मी म्हणेन.

अलर्ट लावणं सोपं आहे. किती वेळाने कळवायचं, कोणत्या भाषेतलं हवं, कुठल्या प्रकारच्या साइटवरचं हवं आणि सगळे निकाल हवेत की निवडक, एवढंच ठरवायचं असतं. यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. विषयाचे अलर्ट 'लगेच'वर ठेवले तर तासिका चालू असताना, प्रवासात, जेवताना ईमेल येत राहतात आणि एकही नीट वाचून होत नाही. माझे विषयाचे अलर्ट आता दिवसातून एकदा, सकाळी येतात. 'लगेच'वर ठेवला आहे तो फक्त आमच्या गटाच्या नावाचा अलर्ट, तोही 'सगळे निकाल' या पर्यायासह.

असं का, हे सांगायला टायलेनॉल या अमेरिकेतल्या वेदनाशामक औषधाचं प्रकरण पुरेसं आहे. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं आणि सात जणांचा जीव गेला. हे औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या, त्यासाठी १० कोटी डॉलरहून जास्त खर्च सोसला आणि पुढे छेडछाड झाली तर लगेच दिसेल अशा वेष्टनात औषध परत आणलं. जनसंपर्काच्या वर्गात हे प्रकरण हमखास शिकवतात आणि सगळी चर्चा बाटल्या परत मागवण्याच्या निर्णयाभोवती फिरते. माझ्या मनात मात्र त्याच्या आधीचा तपशील राहिला आहे. कंपनीला या प्रकाराची पहिली खबर लागली ती शिकागोच्या एका बातमीदाराने फोन करून विचारलं तेव्हा. एवढ्या मोठ्या कंपनीलासुद्धा आपल्याबद्दलची बातमी बाहेरून कळू शकते. मग चार-पाच स्वयंसेवकांच्या गटाने आपल्या नावाकडे सतत लक्ष ठेवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

मराठीत अलर्ट लावणाऱ्यांनी पुढचा भाग सावकाश वाचावा. सगळ्यात जास्त वेळ माझा इथेच गेला आणि याबद्दल शिकवणारं कोणी भेटलं नाही.

आपल्या भाषेत प्रत्यय लागला की नामाचं रूप बदलतं. 'रक्तपेढी' हा शब्द अवतरणचिन्हांत दिला की नेमका तेवढाच शब्द शोधला जातो आणि 'रक्तपेढीत', 'रक्तपेढ्यांमध्ये', 'रक्तपेढ्यांना' ही रूपं निसटतात. आणि बातम्यांत हीच रूपं जास्त असतात: तुटवडा रक्तपेढ्यांमध्ये असतो, आवाहन रक्तपेढ्यांकडून येतं, नोटीस रक्तपेढ्यांना जाते. अवतरणचिन्हं काढली तर शोध इतका सैल होतो की भलतीच पानं येऊ लागतात. मी केलेला उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची चार-पाच रूपं अवतरणचिन्हांत लिहायची आणि त्यांच्यामध्ये 'किंवा' या अर्थाचं ऑपरेटर, म्हणजे इंग्रजी मोठ्या अक्षरांतलं ओआर, घालायचं. 'रक्तदाता', 'रक्तदाते', 'रक्तदात्यांनी', 'रक्तदात्यांना' अशी एक ओळ तयार झाली की तो अलर्ट खऱ्या अर्थाने कामाला लागतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन ते उमटवलं जायचं आणि आजही अनेक जण तसंच टाइप करतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. प्लेटलेट्स देण्याच्या पद्धतीला 'ॲफेरेसिस' म्हणतात. त्याचा अलर्ट एकाच पद्धतीने लिहिला तर दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या बातम्या हाती लागतील याची खात्री नसते. 'हॉस्पिटल'चंही तेच. काही जण 'ह'ला 'ऑ'ची मात्रा देतात, काही जण काना देऊन वर चंद्र चढवतात. 'ब्लड बँक' कुणी अनुस्वार आणि चंद्र वेगवेगळे देऊन लिहितं, कुणी चंद्रबिंदू देऊन, कुणी दोन्ही शब्द जोडून. ही सगळी रूपं एका फाइलमध्ये लिहून ठेवली आणि नवा अलर्ट लावताना तिथून उचलली तर पुढचा त्रास बराच वाचतो. आपल्या संस्थेचं नाव लोक किती प्रकारे लिहितात याची यादी करणं, हे मी आता कुठल्याही नव्या कामाचं पहिलं पाऊल मानते.

नको ती पानं वगळणं त्या मानाने सोपं आहे. 'रक्तदान' लावलं की शाळकरी निबंध, घोषवाक्यं आणि शुभेच्छा संदेश यांची रांग लागते. त्या शब्दांपुढे उणे चिन्ह दिलं की गर्दी बरीच कमी होते.

आता या लिंक रोज वाचून मी काय शिकले ते. आमची प्रेस नोट वेगवेगळ्या साइटवर कशी छापून आली हे शेजारी-शेजारी ठेवून पाहणं, हा मला मिळालेला सर्वोत्तम धडा आहे. बातमी वरून खाली वजन कमी होत जाईल अशी लिहावी, कारण उपसंपादक शेवटाकडून कापतो, हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. ते खरोखर कसं घडतं हे अलर्टमुळे दिसलं. पाहुण्यांचं वाक्य राहतं, शिबिराची तारीख राहते. 'दात्याने उपाशीपोटी येऊ नये, भरपूर पाणी प्यावं, चालू असलेली औषधं डॉक्टरांना सांगावीत' हा शेवटचा परिच्छेद जातो. दात्याच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाचा मजकूर तोच असतो. आमच्या प्रेस नोटमध्ये तो आता दुसऱ्या परिच्छेदात असतो आणि त्यामुळे टिकतो.

बातमीदारांच्या नावाने अलर्ट लावणं हा तितकाच चांगला उपयोग. आरोग्याची बीट, म्हणजे बातमीदाराकडे सोपवलेला विषय, पाहणारी व्यक्ती गेल्या महिन्यात कशावर लिहीत होती, हे न वाचता तिला फोन करणं मला आता अशक्य वाटतं. तिचे पाच लेख वाचले की तिला आकडे हवे असतात की माणसं हवी असतात, हे कळतं आणि बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. हे अलर्ट मी तिच्या छापील नावापुरते आणि कामापुरतेच ठेवते. रुग्णाचं नाव मात्र कधीही, कुठल्याही कारणाने अलर्टमध्ये घालू नये. आपल्याकडे मदत मागायला आलेल्या माणसाचा मागोवा घेणं हे आपलं काम नाही.

आकड्यांच्या बाबतीत माझं मत सगळ्यात जास्त बदललं. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन. रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस. त्या दिवसाच्या आसपास अलर्टमध्ये लिंकांचा पूर येतो. महिन्याच्या रिपोर्टमध्ये आलेख उंच चढलेला दिसतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा असतात. प्लेटलेट्स जेमतेम पाच ते सात दिवस टिकतात, लाल पेशी साधारण सहा आठवडे. शिवाय एकदा रक्त दिलेल्या दात्याला पुन्हा देण्यासाठी ठरावीक अंतर ठेवावं लागतं. म्हणजे सगळे दाते एकाच आठवड्यात आले, तर कव्हरेज भरपूर मिळतं आणि काही आठवड्यांनी तुटवडा जिथल्या तिथे असतो. गटाचा खरा हेतू दाते वर्षभर विखरून यावेत हा आहे. अलर्टचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

या क्षेत्रात अजूनही छापून आलेल्या बातमीची जागा मोजतात, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावतात आणि 'इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली' असं लिहितात. मोजमाप करणाऱ्या व्यावसायिकांनी २०१० साली बार्सिलोनात एकत्र येऊन तत्त्वं मान्य केली, त्यांत ही पद्धत संवादाचं मूल्य दाखवत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. २०१५ आणि २०२० मध्ये ती तत्त्वं सुधारली गेली तेव्हाही ही भूमिका कायम राहिली. विद्यार्थ्यांनी ही पद्धत शिकूच नये असं मला वाटतं. मी रिपोर्टमध्ये लिंकांची संख्या एका ओळीत देते आणि त्याखाली तीन गोष्टी लिहिते: बातमीत आमची मुख्य माहिती बरोबर आली का, कुठे चूक छापली गेली आणि ती दुरुस्त करून घेतली का, आणि पहिल्यांदाच आलेल्या दात्यांना आमच्याबद्दल कुठून कळलं. तिसऱ्याचं उत्तर अलर्ट देऊ शकत नाही. ते नोंदणीच्या टेबलावर विचारावं लागतं. पण रिपोर्टमधली वाचण्यासारखी ओळ तीच असते.

पैसे देऊन मिळणाऱ्या एका साधनाची चाचणी आवृत्तीही मी मध्ये वापरून पाहिली. त्यात प्रत्येक बातमीला 'सकारात्मक' किंवा 'नकारात्मक' असा शिक्का आपोआप बसतो. 'ओ निगेटिव्ह रक्ताचा तुटवडा' या बातमीवर नकारात्मक शिक्का होता. आमच्या दृष्टीने ती त्या आठवड्यातली सर्वात उपयोगी बातमी होती, कारण ती वाचून लोक फोन करून 'मी येऊ का?' असं विचारत होते. बातमी आपल्या कामाची आहे की नाही, हे ती वाचणाऱ्या माणसानेच ठरवावं, यावर माझा विश्वास त्या दिवसापासून पक्का झाला.

मर्यादाही सांगायला हव्यात. छापील अंकात आलेली आणि वेबवर न आलेली बातमी अलर्टला सापडत नाही. ई-पेपरचं पान चित्ररूपात असेल तर तेही बहुधा निसटतं. टीव्हीवरचा बाईट, रेडिओ, समाजमाध्यमांवरच्या बहुतेक चर्चा आणि व्हॉट्सॲपचे गट हे सगळं त्याच्या कक्षेबाहेर. आमच्या विषयात सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. 'तातडीने रक्त हवे' असे मेसेज गटागटांतून फिरतात, गरज भागून कित्येक दिवस झाले तरी फिरत राहतात आणि रुग्णाच्या नातेवाइकांना फोनवर फोन येतात. अलर्ट त्यावर गप्प असतो. यासाठी आम्ही स्वयंसेवकांची साखळी केली आहे: मेसेज दिसला की तो पुढे पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर एकाच माणसाने विचारायचं, आणि गरज संपली असेल तर तसं त्याच गटात लिहायचं.

जनसंपर्काची चार प्रारूपं १९८४ साली मांडली गेली. त्यांतलं शेवटचं, संस्थेने ऐकून स्वतःतही बदल करावा असं सांगणारं दुतर्फी संवादाचं प्रारूप, वाचताना मला फार आदर्शवादी वाटलं होतं. या साखळीतून आलेल्या तक्रारींमुळे आमच्या शिबिराची वेळ सकाळऐवजी संध्याकाळची झाली, नोकरी करणारे दाते येऊ लागले, आणि ते प्रारूप कामात उतरतं हे मी प्रत्यक्ष पाहिलं.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. अर्धा गुण मराठी रूपांसाठी कराव्या लागणाऱ्या मेहनतीमुळे कापला, एक गुण जे दिसतच नाही त्यासाठी. छोट्या संस्था, नव्याने शिकणारे आणि एखाद्या विषयाचा सलग अभ्यास करणारे यांनी बिनदिक्कत वापरावं. ज्यांच्याकडे रोज शेकडो उल्लेख येतात, किंवा ज्यांना छापील आणि टीव्हीवरचं कव्हरेज पूर्ण हवं आहे, त्यांनी सशुल्क सेवा पाहावी. तिथे मोफत अलर्टवर विसंबणं धोक्याचं आहे.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी तीनच अलर्ट लावावेत: संस्थेचं नाव सगळ्या रूपांसह 'लगेच'वर, विषयाचा एक आणि आपल्या बीटवरच्या एका बातमीदाराचा, हे दोन्ही दिवसातून एकदा. महिनाभर आलेली प्रत्येक लिंक उघडून शेवटपर्यंत वाचावी. चौथा अलर्ट त्यानंतरच लावावा.