६,४३,५०० रुपयांचं पत्र

लेकीच्या परदेशी मेडिकल प्रवेशासाठी एजंटला किती पैसे दिले, ते आकडे आधी लिहून टाकतो, म्हणजे लाजेचा भाग लवकर उरकेल. ‘प्रोसेसिंग’चे ४५,००० यूपीआयने. ‘सीट ब्लॉकिंग’चे १,२०,००० एनईएफटीने. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल मिळून ४,१०,००० आरटीजीएसने. व्हिसा, कागदपत्रं, तिकीट म्हणून ६८,५०० रोख, बिनपावतीचे. एकूण ६,४३,५००. आजतागायत एक रुपया परत आलेला नाही.

मी ठाण्यात राहतो, एकतीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. बिलाची तारीख ऑर्डरच्या आधीची दिसली की व्हाउचर परत पाठवणारा माणूस मी. ऑफिसात मला त्यावरून नावं ठेवतात. आता पुढचं वाचा.

लेकीला २०२५ च्या नीटला २८७ मिळाले. पेपर अवघड होता हे सगळ्यांना माहीत आहे. पात्र ठरली, पण सरकारी सीट लांबच, आणि खासगीचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कोणी बोललं नाही. अशा वेळी परदेशी मेडिकल प्रवेश करून देणाऱ्या एजंटचं वाशीतलं ते चकचकीत ऑफिस सापडलं. भिंतीवर ‘एनएमसी मान्य विद्यापीठं’ अशी फ्रेम. एनएमसी, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन, परदेशी कॉलेजांची अशी यादी काढतच नाही, २०२१ च्या नियमात फक्त अटी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. किमान ५४ महिन्यांचा कोर्स, शिकवणं इंग्रजीत, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात तिथल्या नागरिकासारखी प्रॅक्टिस करता येईल अशी पदवी. शिवाय परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा, तिच्यात ३०० पैकी १५० हवेत. फ्रेम बघून भुलू नका, या अटींचं उत्तर विद्यापीठाकडून लेखी मागा.

बायकोने किर्गिझस्तानातल्या बिश्केकचं नाव ऐकल्यावर विचारलं, “अहो, मे २०२४ मध्ये तिथे परदेशी मुलांवर हल्ले झाले ना? आपल्या पोरांना खोलीबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं.” एजंट हसला. “काकू, म्हणून तर यंदा सीट स्वस्त आहेत.” आम्हीही हसलो. का हसलो, देव जाणे.

फी त्याच्या इथल्या करंट अकाउंटला भरायला लावली. “काका, थेट पाठवलीत तर टीसीएस लागेल, माझ्याकडून गेली की वाचेल.” टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो कर. शिक्षणासाठी वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवलं तर तो लागतच नाही. हे मला, अकाउंट्सवाल्याला, आठवलं नाही! फी नेहमी बँकेतून, परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरून, थेट विद्यापीठाच्या खात्यात.

आणि आता तो दिवस. २० ऑगस्टला अ‍ॅडमिशनचं पत्र मिळालं. जाड कागद, निळा गोल शिक्का, लेकीचं पूर्ण नाव, खाली तिचा पासपोर्ट नंबर. पत्राची तारीख ४ ऑगस्ट. पासपोर्ट निघाला ११ ऑगस्टला. जो पासपोर्ट अस्तित्वातच नव्हता, त्याचा नंबर सात दिवस आधीच्या पत्रावर! प्रवेशाची मुदत उलटून गेली होती म्हणून त्याने मागची तारीख टाकली असणार. मी ते पत्र वाशी ते ठाणे लोकलमध्ये चार वेळा वाचलं. ऐरोलीला उभं राहून शेजारच्या माणसालाही दाखवलं. तारीख दिसली नाही, फक्त लेकीचं नाव दिसलं. कोणाही बापाचं हेच झालं असतं, असं मी रोज स्वतःला सांगतो.

तारीख लेकीनेच पकडली, सप्टेंबरअखेर, व्हिसा ‘उद्या-परवा’ करत लांबल्यावर. तिने विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा पत्ता शोधून मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. हा मेल पैसे भरण्याआधी करायचा असतो. फुकट असतो.

मग सरकारदरबार. खाडीच्या अलीकडचं पोलीस ठाणं म्हणालं, ऑफिस पलीकडे, तिकडे जा. पलीकडचं म्हणालं, पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिकडे जा. मी झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्या, असं म्हटलं तर साहेबांनी मान वर करून विचारलं, “वकील आहात का?” तीन वेळा अर्धा दिवस रजा टाकली. एकदा दीड तास बाकावर बसून कळलं की साहेब बंदोबस्ताला गेलेत. मधल्या काळात एजंटने माझ्या तोंडावर एक लाखाचा चेक फेकला. चेक वटला नाही, परत आला. पोलिसांना तेच हवं होतं: “त्याने चेक दिलाय ना काका, मग हे दिवाणी झालं.” शिवाय “शिकलेली माणसं तुम्ही, तुम्हाला कळायला नको?” हे ऐकवलं ते वेगळंच. एजंट गोड बोलून “दिवाळीनंतर बघू” म्हणत राहिला आणि मी थांबलो. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. माझी गेली नाही. यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, महिन्याने नाही.

चौथ्या खेपेला जबाब घेतला, एफआयआर अजून नाही. हवालदाराने लिहिलेला कागद सहीसाठी पुढे सरकवला. पासपोर्टची तारीख ११ च्या जागी १ ऑगस्ट पडली होती. ती खोडून दुरुस्त करायला लावली, शेजारी त्यांची सही घेतली, मग माझी केली.